ऑर्डरी आटल्यावर काय करावं: कोकणातल्या हस्तकलेच्या ऑनलाइन दुकानासाठी

वेंगुर्ल्यात पावसाने धरलं की आमच्या फोनची टिंगटिंगही बंद होते. करवंटीचे बाऊल, डवल्या (करवंटीच्या पळ्या), दिवे असं आमचं छोटं ऑनलाइन दुकान. पहिल्या वर्षी जुलैत सलग ११ दिवस एकही ऑर्डर नाही म्हणून घाबरून मी सगळ्या मालावर ३० टक्के सवलत लावली. खपले चार नग. वर महिन्याभरापूर्वी पूर्ण किमतीला घेतलेल्या पुण्याच्या एका ताईंचा मेसेज आला, "मग आमच्याकडून जास्तीचे घेतलेत का?" तेव्हा पहिली पायरी ही: आठ दिवस किमतीला हात लावायचा नाही.

त्या आठ दिवसांत दुकानाच्या खात्यातले आकडे उघडा आणि तीनच वहीत उतरवा. माल किती जणांच्या नजरेस पडला, किती जणांनी उघडून पाहिला, किती जणांनी घेतला. शेजारी गेल्या वर्षीचे त्याच काळातले आकडे लिहा. इथे एक गोम आहे. 'त्याच काळातले' म्हणजे त्याच इंग्रजी महिन्यातले नव्हेत. गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला. ऑगस्टशी ऑगस्ट ताडला तर धंदा बसला असंच वाटणार, आणि सण नुसता अडीच आठवडे पुढे सरकलेला असणार. म्हणून चतुर्थीआधीचे ३० दिवस चतुर्थीआधीच्या ३० दिवसांशीच जुळवा. दिवाळीचंही तेच. माझी एका वर्षीची मंदी या हिशेबातच निम्मी विरली.

उरलेल्या निम्मीसाठी तिन्हींपैकी कुठला आकडा पडला ते पाहा.

पहिला पडला असेल तर माल लोकांना दिसतच नाही. शेजाऱ्यांच्या फोनवरून शोधून बघा, आपल्या फोनवर आपलंच दुकान वर येतं आणि फसगत होते. आम्ही नावात 'करटीची डवली' लिहायचो. मालवणी माणसाला ते कळतं, पण तो विकत कशाला घेईल, त्याच्या घरी दोन टांगलेल्या आहेत! मुंबईचं गिऱ्हाईक 'कोकोनट शेल', 'हळदीकुंकवाचं वाण', 'रिटर्न गिफ्ट' असं शोधतं. नावात आधी वस्तू, मग ती कशाची, मग कशासाठी. 'डवली' खाली वर्णनात राहू द्या, तिथे ती शोभतेही.

आकडा हळूहळू न घसरता एकाएकी शून्यावर आला असेल, तर माल यादीतून उतरवला गेलाय का ते आधी बघा. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांसारखा माल विकणाऱ्यांनी तर नक्कीच. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्त कार्यालयाकडे नोंद असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, पण विचारणा झाली की नोंदणीचा कागद हाताशी हवा.

दिसतो पण कोणी उघडत नाही, तर दोष फोटोचा. पावसाळी उजेड त्याला वाईट नाही, उलट सावल्या मऊ पडतात. सकाळी दहाच्या सुमारास पडवीत, जांभ्याच्या चिऱ्यावर वस्तू ठेवा. फ्लॅश नको, तेल लावलेल्या करवंटीवर पांढरा डाग उमटतो. एका फोटोत हात येऊ द्या म्हणजे आकार कळतो. एकात बाऊलमध्ये काहीतरी भरलेलं दाखवा, पण खाण्याचा पदार्थ खोबरेल लावलेल्या बाऊलमध्येच. व्हार्निश मारलेल्यात सोलकढी ओतून फोटो काढणं मला पटत नाही.

उघडतात पण घेत नाहीत, हे दुखणं सगळ्यात चिवट. बहुतेक वेळा गाडी डिलिव्हरीच्या खर्चावर अडते. बरेच कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागायचं. आमच्या चार बाऊलचं वजन ८०० ग्रॅम, खोकं ३०×२५×२०, म्हणजे हिशेब ३ किलोचा! बाऊल एकात एक बसवले, मध्ये कागद घातला, खोकं २०×१५×१५ घेतलं, तेव्हा ९०० ग्रॅमवर आलं. किंमत तीच ठेवून डिलिव्हरी स्वस्त झाली.

दुसरं कारण अभिप्राय. एका पावसाळ्यात नाशिकला गेलेल्या बाऊलला वाटेत बुरशी आली, त्यांनी फोटोसकट एक तारा दिला आणि पुढचे तीन आठवडे शुकशुकाट. चूक आमचीच होती, दमट माल घाईने पिशवीत बंद केला होता. आता पॉलिश झालं की दोन दिवस चुलीच्या वरच्या माळ्यावर सुकवतो, मग सिलिका जेलची पुडी घालूनच पिशवी बंद. त्यांना नवा बाऊल पाठवला आणि त्या अभिप्रायाखाली काय चुकलं ते सरळ लिहिलं. वाद घातला असता तर दुकान आणखी रिकामं झालं असतं.

परदेशी गिऱ्हाईक असेल तर बातम्यांवरही नजर ठेवा. २९ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी काढली, आणि त्या सुमारास आपल्या टपाल खात्याने तिकडची बहुतेक पार्सलं काही आठवडे थांबवली होती. अशा वेळी फोटो बदलून काही होत नाही. देशातल्या गिऱ्हाइकांकडे वळायचं.

आणि जुनं गिऱ्हाईक. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचते, त्यामुळे 'दोनशे जणांना पाठवलं, एकाचंही उत्तर नाही' यात नवल नाही. रोज पाच-सहा जणांना नाव घेऊन वेगळा मेसेज करा: घेतलेली वस्तू कशी आहे, तेल लावायला आलं आहे का. विकायचं काही नाही. माझ्याकडे अशा विचारपुशीतूनच ऑर्डरी परत सुरू झाल्या.

किमतीची पाळी आता. एका नगाला सामान, तास, पॅकिंग, टपाल, ॲपचं कमिशन लिहून बेरीज करा, त्याखाली कधीच जायचं नाही. सवलत द्यावीशी वाटलीच तर जोडीवर द्या, म्हणजे बाऊल आणि चमचा, किंवा वाणाचे पाच दिवे. सुट्या नगाची किंमत जागेवर राहते आणि पुण्याच्या ताईही रागावत नाहीत.

नव्या जोड्या चतुर्थीच्या सहा आठवडे आधी दुकानात चढवा. चाकरमानी गावी आले की दुकानाचं कार्ड हातात द्या. बॅग आधीच भरलेली असते, ते परत जाऊनच मागवतात.