आधी ट्यूब, मग सेन्सर

माझ्या डाव्या तर्जनीवर दातांचा एक जुना वण आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे स्नायूंवर ताबा न राहणं) असलेल्या एका मुलाच्या दाढेचा एक्स-रे मी काढत होते. डाव्या हाताने सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी छोटी पट्टी, त्याच्या तोंडात धरलेला आणि उजव्या हाताने ट्यूब, म्हणजे किरण सोडणारं मशीनचं डोकं, ओढणं चाललेलं. स्टँड करकरला, मुलगा दचकला आणि जबडा मिटला. त्याचा काही दोष नव्हता. अशा मुलांचं दचकणं, चावणं आपोआप होतं, आणि सोडायचं म्हटलं तरी जबडा पटकन सुटत नाही. माझं मात्र दोनदा चुकलं होतं. सेन्सर हाताने धरणं हे ऑपरेटरचं कामच नाही, आणि कामाचा क्रमही उलटा होता.

तेव्हापासून आधी ट्यूब, मग सेन्सर. एक्स्पोजर (किरण किती वेळ सोडायचे ते) लावून ठेवा, ट्यूब गालाजवळ आणून साधारण कोन साधा, सेन्सरला आवरण चढवा, संगणकावर पेशंटचं पान उघडा. एवढं झालं की मगच "आ कर" म्हणा. जर्मन दंतवैद्य ओटो वॉल्खॉफ यांनी 1896 साली स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला, तेव्हा 25 मिनिटं तोंडात काचेची प्लेट धरावी लागली होती. आता किरणांना सेकंदाचा अंशही पुरतो. बाकीचा वेळ आपणच चाचपडण्यात घालवतो.

शिकताना समांतर पद्धत पक्की करून घेतात: सेन्सर होल्डरमध्ये, दाताच्या लांबीला समांतर, किरण दोघांनाही काटकोनात. चित्र याच पद्धतीने सर्वांत खरं येतं. पण होल्डर अवजड असतो. टाळू अरुंद किंवा जीभ मोठी असली, की तो तोंडात मावत नाही. डाउन सिंड्रोमच्या पेशंटमध्ये हे नेहमीचंच. तिथे मी कोन दुभागण्याची जुनी पद्धत वापरते. सेन्सर दाताला टेकवायचा, दोघांमधला कोन मनात दुभागायचा आणि त्या दुभाजक रेषेला काटकोनात किरण सोडायचा. ट्यूबचा उभा कोन कमी पडला तर दात लांबट येतो, जास्त झाला तर आखूड. मुळाचं टोक दिसत असेल तर थोडा लांबट दात मला चालतो. हो, डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, म्हणून मान मागे ताणू नका. सेरेब्रल पाल्सीत खुर्ची अर्धवट कलती, गुडघ्यांखाली उशी, डोकं मध्यरेषेत. व्हीलचेअरमध्ये बरं वाटत असेल तर तिथेच काढा.

मोठ्या माणसालाही लहान मुलांचा शून्य नंबरचा, म्हणजे सर्वांत छोटा, सेन्सर चालतो. चावण्याची भीती असेल तर कडक सेन्सरऐवजी पातळ फॉस्फर प्लेट (चित्र टिपणारी लवचीक पट्टी) घ्या आणि तिच्या आवरणाला हातभर फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा दोरा) बांधा, म्हणजे घशाकडे सरकली तर ओढून काढता येते.

उमासे येणाऱ्यांचे पुढचे दात आधी घ्या. सेन्सर टाळूवरून घासत नेऊ नका. आडवा आत न्या आणि जागेवर गेल्यावर उभा करा. नाकाने श्वास घ्यायला लावा, एक पाय उचलून धरायला सांगा. जिभेच्या टोकावर चिमूटभर मीठ ठेवलं तरी अनेकांना फरक पडतो. "उमासा येतोय का?" हे मात्र विचारू नका, विचारलं की हमखास येतो. गिळायला त्रास असलेल्यांना बधिर करणारा स्प्रे मी टाळते.

ऑटिझम असलेल्यांसाठी रंगीत तालीम लागते. पहिल्या भेटीत नुसती खोली आणि मशीनची बीप, दुसऱ्या भेटीत रिकामा होल्डर. माणूस तोच, शब्द तेच, आणि पाचपर्यंत मोजायचं म्हटलं तर पाचलाच थांबायचं. पेशंटला किरण अडवणारं गळ्याचं किंवा पोटाचं शिशाचं आवरण (एप्रन) नेहमी घालायची गरज नाही, असं अमेरिकन डेंटल असोसिएशनने 2024 साली सांगितलं. तुमच्याकडचा नियम बघा. पण काहींना एप्रनचं वजन गोधडीसारखं शांत करतं, त्यांना मी तो घालतेच.

तोंडात काहीच जात नसेल तर? ओपीजीला (तोंडाबाहेरून पूर्ण जबड्याचा एक्स-रे) कित्येक सेकंद स्थिर राहावं लागतं, आणि नेमकं तेच अनेकांना जमत नाही. मग मोठी प्लेट गालावर बाहेरून धरून, दुसऱ्या बाजूच्या जबड्याखालून तिरका किरण सोडा. या तिरक्या फोटोत बारीक कीड नीट कळत नाही, पण गळू, अडकलेली दाढ, मोडलेला जबडा कळतो. प्लेट धरायची झाली तर सोबतच्या माणसाने, तेही शिशाचे एप्रन आणि हातमोजे घालून. गरोदर बाईने नाही. आपण दोन मीटर लांब, किरणाच्या वाटेबाहेर.

दोन प्रयत्न फसले की मी थांबते आणि डॉक्टरांना विचारते, नक्की काय बघायचंय? पुष्कळदा चारऐवजी एकच फोटो पुरतो.

जे जमलं ते कार्डावर लिहून ठेवा. त्या मुलाच्या कार्डावर अजून माझ्या अक्षरात आहे: "उजवी बाजू आधी. आईने हनुवटी धरावी. स्टँडला तेल."