रमजान संपून शव्वाल महिना लागला की सगळं सुटतं? या चुका टाळा

ईदचा शीरखुर्मा संपायच्या आत आमच्या घरातली फजर, म्हणजे पहाटेची नमाज, दोनदा चुकली. महिनाभर चारला उठणारं घर, आणि ईदच्या तिसऱ्या दिवशी जाग आली ती पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंप्याने. गोव्यात फोंड्याला आमच्या गल्लीत तो सायकलवरून साडेसहाला येतो. उन्हाळ्यात त्याच्या आधीच सूर्य वर आलेला असतो. म्हणजे भोंपू ऐकून उठलात तर पाव गरम मिळतो, पण फजर कझा झालेली असते, म्हणजे वेळ टळलेली.

फजर सहरीच्या भरवशावर सोडणे

खरं बोलायचं तर रमजानमध्ये आपल्याला पोट उठवतं. सहरी, म्हणजे रोज्याआधीचं पहाटेचं खाणं, झालं की जागेच असतो, म्हणून फजरही होते. सहरी गेली की उठवणारं कुणी उरत नाही. त्यात तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची जादा नमाज, बंद झाली तरी जागरण बंद होत नाही, तरावीहच्या जागी मोबाइल येतो. मी तीन गजर लावून पाहिले. तिन्ही झोपेतच बंद केले आणि सकाळी नवऱ्याला विचारलं, तुम्ही बंद केलेत का?

शेवटी उपाय सापडला तो अगदी साधा. रात्री फोन उशाशी ठेवायचा नाही, स्वयंपाकघरात ओट्यावर चार्जिंगला लावायचा. गजर बंद करायला तिथवर चालत जावंच लागतं, आणि तिथे गेलं की नळ समोरच. नमाजेआधीची वजू, हात-तोंड-पाय धुणं, करून टाकायची, मग परत झोपायची हिंमत होत नाही. अर्थात इशा, म्हणजे रात्रीची नमाज, झाल्यावर तासाभरात दिवे मालवले नाहीत, तर ओटासुद्धा कामाला येत नाही.

रोज एक पारा चालू ठेवायचा हट्ट

पारा म्हणजे कुरआनच्या तीस भागांपैकी एक. चार दिवस जमतो. पाचव्या दिवशी पाहुणे येतात, सहाव्या दिवशी कालचा राहिलेला पारा डोक्यावर असतो, आठव्या दिवशी कुरआन रिहालीवरून कपाटात. मदिनेच्या छपाईच्या प्रतीत ६०४ पानं असतात. रोज दोनच पानं वाचली तरी दहा महिन्यांत कुरआन पुरा होतो, म्हणजे पुढच्या रमजानच्या आधीच. दोन पानांना फजरनंतर दहा मिनिटं लागतात, चहा उकळेपर्यंत. अल्लाहला तो अमल, म्हणजे ते काम, सगळ्यांत प्रिय जो नेमाने होतो, मग तो थोडा का असेना, ही हजरत आयशांनी सांगितलेली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. आपण ती ऐकतो, मान डोलावतो आणि पुन्हा पाऱ्याच्या मागे लागतो.

सहा रोजे ‘बघू नंतर’ म्हणणे

रमजाननंतर शव्वालचे सहा रोजे ठेवले तर वर्षभर रोजे ठेवल्यासारखं, असं सहीह मुस्लिममध्ये आहे. ईदच्या दिवशी रोजा हराम, पण दुसऱ्या दिवसापासून ठेवता येतात, आणि सलग ठेवलेच पाहिजेत असं नाही. सोमवार-गुरुवार धरले तर तीन आठवड्यांत होतात. शेवटच्या आठवड्यावर टाकले की नेमकी बांद्याहून नणंद येते.

बायकांचा घोळ वेगळा. पाळीमुळे सुटलेले रोजे कझा म्हणून नंतर ठेवावेच लागतात. ते आधी की हे सहा आधी, दोन्ही एकत्र धरता येतात का, यावर उलेमांमध्ये, म्हणजे धर्मपंडितांमध्ये, एकमत नाही. शेजारणीचं ऐकून ठरवू नका, आपल्या मौलानांना एकदा विचारा. पण किती सुटले ते ईदच्या आतच कॅलेंडरवर लिहून ठेवा. मी एकदा लिहिलं नव्हतं; पाच की सहा, हे आठवण्यात शाबान, म्हणजे रमजानच्या आधीचा महिना, आला.

सध्या ईद उन्हाळ्याच्या तोंडावर येते. गोव्याच्या या घामात रात्रीची बिर्याणी सहरीला खाल्लीत तर दुपारी घसा कोरडा पडणारच. उकड्या तांदळाची पेज, जरा पातळच, आणि बरोबर अर्धं केळं. लोणचं नको, तहान लागते.

मशीद जुम्म्यापुरती, जकात वर्षापुरती

अली आदिलशहाने १५६० मध्ये बांधलेल्या आमच्या साफा मशिदीत ईदला पाय ठेवायला जागा नसते. नवरा सांगतो, आठवड्याभराने इशाला माणसं मोजता येतात. पाचही वक्त मशिदीत जमातीने, सगळ्यांबरोबर, पढीन अशी कसम तो दरवर्षी खायचा आणि वेर्ण्याच्या कामाची शिफ्ट ती मोडायची. आता त्याने फक्त इशा धरली आहे, आणि तीच टिकली आहे. पैशाचंही तेच. वर्षाचं सक्तीचं दान, अडीच टक्के जकात, दिली की हात आखडतो. आम्ही दाराजवळ बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला आहे, पाव घेतल्यावर उरलेली चिल्लर त्यात. मुलगा कधी कधी त्यातूनच आइस्क्रीमला उसने घेतो, तेही लिहून ठेवावं लागतं.

आज बुधवार. कॅलेंडरवर सहांपैकी चार गोल भरले आहेत. पेजेचे तांदूळ धुऊन भिजत घातलेत, फोन ओट्यावर आहे.