कमोडोर ६४ फ्लॉपी वाचत नाही? स्क्रू ड्रायव्हर उचलण्याआधी या चुका टाळा

कमोडोर ६४ हा १९८० च्या दशकातला घरगुती संगणक चालू होतो, निळा पडदा येतो, रेडी उमटते आणि शेजारचा १५४१ नावाचा फ्लॉपी ड्राइव्ह मात्र लाल दिवा लुकलुकवत राहतो. माझ्या टेबलावर आलेले बरेचसे ड्राइव्ह मुळात किरकोळ कारणाने अडलेले होते. खरे नुकसान नंतरच्या घाईने झाले होते. ड्राइव्हचे सुटे भाग अजून मिळतात, भंगारातल्या दुसऱ्या ड्राइव्हमधून काढता येतात. फ्लॉपीवर कुणी १९८५ साली स्वतः लिहिलेला बेसिकमधला प्रोग्रॅम असेल, तर तो एकदा पुसला गेला की संपला. म्हणून आधी फ्लॉपी सांभाळायची, ड्राइव्ह नंतर.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेली फ्लॉपी न बघता थेट ड्राइव्हमध्ये सारणे. कोकणात, मुंबईत, गोव्यात चार पावसाळे उघड्यावर राहिलेल्या फ्लॉपीला बुरशी धरतेच. फ्लॉपीच्या लांबट खिडकीतून आतली चकती दिसते. मधली कडी बोटांनी हळू फिरवत चकती पूर्ण फेरीभर बघा, तीही तिरप्या उजेडात आणि दोन्ही बाजूंनी. पांढुरके ठिपके किंवा ढगासारखे डाग दिसले, तर ती फ्लॉपी तशीच आत घालायची नाही. १५४१ चे हेड, म्हणजे चकतीवरचे चुंबकीय लेखन वाचणारा भाग, खालून वाचते आणि वरून नमद्याची छोटी गादी चकतीला हेडवर दाबून धरते. बुरशी आणि सुटलेला लेप त्या दोन्हींवर बसतो आणि पुढची चांगली फ्लॉपीही गोल गोल ओरखडत जातो. मी एकदा अशी एक फ्लॉपी घातली आणि ‘ड्राइव्ह ठीक आहे ना बघू’ म्हणून तिच्यामागून दोन चांगल्या घातल्या. तिन्ही गेल्या. एक फ्लॉपी वाचली नाही, तर लगेच दुसरी घालू नका. आधी हेड बघा.

बुरशी लागलेली फ्लॉपी धुता येते. आवरणाची एक कड कापून चकती बाहेर काढायची, कोणती बाजू खाली होती याची मधल्या कडीजवळ खूण करायची, डिस्टिल्ड पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एखादा थेंब टाकून मऊ कापडाने हलक्या हाताने पुसायची आणि साध्या डिस्टिल्ड पाण्यातून काढून सावलीत पूर्ण सुकू द्यायची. मग टाकाऊ फ्लॉपीच्या स्वच्छ आवरणात घालून वाचायची. जुने आवरण पुन्हा वापरू नका, त्याच्या अस्तरातही बुरशी असते.

हेड पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरे. औषधाच्या दुकानातले सर्जिकल स्पिरिट नको, त्यात पाणी आणि इतर द्रव्ये असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ‘आयपीए’ म्हटले की मिळते. नमद्याच्या गादीला अल्कोहोल लावू नका आणि ती धरणारा हात गरजेपुरताच उचला. तो वाकला की गादीचा दाब जातो. हेड क्लीनिंग डिस्क मी वापरत नाही. तिचा खरबरीत पृष्ठभाग जुन्या हेडला सोसतोच असे नाही.

आता विजेकडे. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेला ड्राइव्ह असेल, तर आधी त्याच्या लेबलवरचे व्होल्टेज वाचा. १२० व्होल्टचा ड्राइव्ह आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावला, तर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावायचाच नाही. कमोडोर ६४ चा स्वतःचा पॉवर सप्लायही तपासा. तो जुना झाला की ५ व्होल्टच्या वाटेवर जास्त व्होल्टेज सोडतो आणि मेमरीच्या चिप जातात. मल्टिमीटरने मोजायला दोन मिनिटे लागतात.

सहा पिनांची सीरियल केबल दोन्ही यंत्रे बंद असतानाच लावा किंवा काढा. चालू असताना काढघाल केली, तर एका टोकाला संगणकातली ६५२६ किंवा दुसऱ्या टोकाला ड्राइव्हमधली ६५२२ चिप दगावू शकते. मग ‘डिव्हाइस नॉट प्रेझेंट’ कायमचे. चालू किंवा बंद करताना फ्लॉपी आत ठेवायची नाही. आणि नव्याने हाती आलेल्या ड्राइव्हच्या तोंडात प्रवासाचा पुठ्ठा राहिला असेल, तर तो आधी काढा.

लाल दिवा लुकलुकतो म्हणजे ड्राइव्ह काहीतरी सांगतो आहे आणि बहुतेक लोक ते विचारतच नाहीत. १५४१ हा स्वतःच एक छोटा संगणक आहे. त्यात ६५०२ प्रोसेसर, २ किलोबाइट मेमरी आणि स्वतःची डॉस (फ्लॉपी हाताळणारी प्रणाली) आहे. पंधरा क्रमांकाची वाहिनी उघडून त्याला दोष विचारता येतो: ओपन १५,८,१५ आणि मग इनपुट# ने वाचन. इनपुट# थेट चालत नाही, ओळ क्रमांक देऊन प्रोग्रॅममध्येच लिहावे लागते. नुकत्याच चालू केलेल्या ड्राइव्हकडून ७३ आणि डॉसचे नाव आले, तर घाबरू नका, तो त्याचा नमस्कार आहे. २१ म्हणजे सिंकची, म्हणजे नोंद कुठे सुरू होते हे दाखवणारी, खूणच सापडली नाही: फ्लॉपी नीट बसलेली नाही, फॉरमॅट केलेली नाही किंवा हेडला काही दिसत नाही. २३ म्हणजे मजकूर वाचला पण तपासणीची बेरीज जुळत नाही. २६ म्हणजे राइट प्रोटेक्ट (फ्लॉपीवर लिहायला बंदी), आणि तिथे एक बारीक गोम आहे. फ्लॉपीच्या कडेची खाच झाकली की लिहिणे बंद होते, आणि ड्राइव्ह ती खाच प्रकाशाने तपासतो. पारदर्शक सेलोटेप लावलेली फ्लॉपी सुरक्षित झाली असे वाटते, पण ती लिहिली जाऊ शकते. काळी इन्सुलेशन टेप लावा. मौल्यवान फ्लॉपी ड्राइव्हजवळ नेण्याआधीच लावा.

फ्लॉपीची यादी पडद्यावर आली म्हणजे ड्राइव्ह बरा, हाही गैरसमज. यादी १८ व्या ट्रॅकवर असते, चकतीवरच्या ३५ गोल ट्रॅकच्या बरोबर मध्यावर. यादी येते आणि काही फाइल मात्र अर्ध्यात अडतात, तेव्हा मी आधी हेडच्या सरकत्या रुळांवरचे वाळलेले ग्रीस पुसतो.

मग अलाइनमेंट, म्हणजे हेड ट्रॅकवर नेमके बसणे. १५४१ ला हेड शून्यावर आले हे कळवणारा सेन्सर नाही. फॉरमॅट करताना किंवा वाचनात चूक आली की तो हेड शेवटच्या अडथळ्यावर खडखडा आपटतो. वर्षानुवर्षांच्या आपटण्याने हेड सरकवणाऱ्या स्टेपर मोटरच्या दांड्यावरची कप्पी घसरू शकते. म्हणून लोक पहिल्याच दिवशी स्टेपर मोटरचे दोन स्क्रू सैल करतात. तसे करू नका. एक बिनकामाची फ्लॉपी याच ड्राइव्हमध्ये फॉरमॅट करा. ती नीट लिहिली-वाचली जाते, पण दुसऱ्या ड्राइव्हवर लिहिलेल्या चांगल्या फ्लॉपी वाचल्या जात नाहीत, तेव्हाच अलाइनमेंटचा संशय धरा. स्वतःचीही वाचत नसेल, तर हेड, वेग किंवा इलेक्ट्रॉनिक्स. सैल करावेच लागले, तर आधी मोटर आणि चौकट यांच्यावरून मार्करने एक सरळ रेघ ओढा, म्हणजे मूळ जागी परतता येते.

ही चाचणी करताना फ्लॉपी ‘डबल डेन्सिटी’चीच हवी. १.२ मेगाबाइटच्या हाय डेन्सिटी फ्लॉपीचा चुंबकीय लेप वेगळा असतो. १५४१ चे लेखन त्यावर धड टिकत नाही आणि दोष ड्राइव्हला लागतो.

वेग मिनिटाला ३०० फेऱ्या. पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या ड्राइव्हच्या खालच्या मोठ्या चाकावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची दोन वर्तुळे असतात, ५० आणि ६० हर्ट्झची. आपल्याकडे ५० ची बघायची, तीही जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली. पट्ट्या स्थिर दिसल्या की वेग बरोबर. इलेक्ट्रॉनिक चोक किंवा एलईडीखाली या खुणेवर विसंबू नका.

दांडा फिरवून बंद करायच्या प्रकारच्या काही ड्राइव्हमध्ये हेडच्या आतली बारीक तारच तुटते. तिथे हेड बदलल्याशिवाय इलाज नाही. ड्राइव्ह जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला चिकटवून ठेवू नका, आणि बंद कप्प्यातही नको. मूळ १५४१ चा पॉवर सप्लाय पोटातच असल्याने तो चांगलाच तापतो.

पर्याय म्हणून गोटेक (फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणारे यंत्र) विकत घेणारेही भेटतात. तो अमिगासारख्या संगणकांना चालतो, कमोडोर ६४ च्या सीरियल पोर्टला नाही. इथे ड्राइव्हच्या जागी सीरियल पोर्टला जोडायचे एसडी२आयईसी किंवा पाय१५४१ लागते. फ्लॉपीची प्रत काढायला झूमफ्लॉपी हा अडॅप्टर घेऊन खरा ड्राइव्ह यूएसबीला जोडा. ड्राइव्ह पहिल्यांदा नीट चालला की त्याच संध्याकाळी प्रती काढायला बसा. संपूर्ण ३५ ट्रॅकची साधी डी६४ फाइल, म्हणजे फ्लॉपीची संगणकावरची प्रत, १,७४,८४८ बाइटची होते. तेवढी झाली का बघा, वाचनात चुका आलेले ट्रॅक वहीत लिहा आणि फ्लॉपी पुन्हा कागदी पाकिटात घालून सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात उभी ठेवा.