घेतलेली सुपारी परत करताय? या चुका टाळा

लग्नाच्या जेवणाची सुपारी घेतली की शब्द गेला, मग कागद झालेला असो वा नसो. तरी अडचणी येतात. आचारी आजारी पडतो, घरात मयत होते. सुपारी परत करावी लागली यात लाज नाही. लाज वाटावी असं लोक त्यानंतर वागतात, आणि नव्या केटररांच्या त्याच त्या चुका बघून मला वीट आलाय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे सांगायला उशीर करणं. ती मी स्वतः केली आहे. वैशाखातलं लग्न, चारशे पानं. बारा दिवस आधी माझ्या मुख्य आचाऱ्याच्या पायावर उकळतं तेल सांडलं. दुसरा मिळेलच, उगाच त्यांच्या जिवाला घोर कशाला, असं म्हणत मी आठ दिवस काढले. चारच दिवस उरले तेव्हा मुलीच्या वडिलांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "ताई, त्याच दिवशी बोलला असतात तर आमच्या मेव्हण्यांच्या ओळखीचे आचारी मोकळे होते. परवाच त्यांनी दुसरीकडची सुपारी घेतली." शेवटी दोन खानावळींतून जेवण आणलं. तिसऱ्या पंगतीला भात कमी पडला आणि ते गृहस्थ मांडवाच्या दाराशी पाहुण्यांपुढे हात जोडून उभे राहिले. माझ्यामुळे. तेव्हापासून अडचण कळली की त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आत मी फोन करते.

दुसरी चूक, नुसतं कळवून मोकळं होणं. "जमणार नाही, सॉरी" असा व्हॉट्सअ‍ॅप टाकला की सुटलो, असं या मुलांना वाटतं. शब्द ज्याला दिला, सोडवायचं त्याच्या हातात असतं. 1872 च्या भारतीय करार कायद्यातही तेच आहे. कलम 62 प्रमाणे दोघांच्या संमतीने करार रद्द करता येतो, कलम 63 प्रमाणे वचन ज्याला दिलं तो ते माफ करू शकतो. एकट्याने मोडलात तर कलम 73 ची नुकसानभरपाई आहेच. म्हणून मी घरी जाते, समोर बसते आणि विचारते, "मला यातून मोकळं कराल का?" नाही म्हणाले तर बाहेरचा आचारी दुप्पट मजुरीने आणून पदरमोड करून जेवण घालते.

खोटं कारण सांगू नका. मांडववाला आणि बँडवाला दोन्ही घरी जातात, खरं कारण त्यांच्या तोंडून कळतंच.

विसार पूर्ण परत करा. किराणा भरलाय म्हणून कापून घेणं मला पटत नाही. अडचण तुमची आहे.

जास्त पानांची सुपारी आली म्हणून आधीची सोडणं ही अडचणच नाही. त्याला सभ्य मार्ग नसतो, विचारू नका.

आणि नुसता दुसऱ्याचा नंबर देऊन सुटू नका. आधी स्वतः त्याच्याशी बोला, तारीख मोकळी आहे का, पानं किती झेपतील, दर काय, सगळं ठरवा. दर जास्त असला तर वरचा फरक मी भरते. मागच्या माघात पानामागे तीस रुपये पडले, अडीचशे पानांचे साडेसात हजार. ते लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्या आचाऱ्याच्या हातात दिले.