सुपर लीगचा हंगाम कसा पाहावा

सुपर लीग या ब्रिटनमधील व्यावसायिक रग्बी लीग स्पर्धेचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होऊन ऑक्टोबरमध्ये संपतो. फुटबॉलची सवय असलेला प्रेक्षक येथे गुणतक्त्यात पहिल्या आलेल्या संघाला विजेता समजून बसतो. सुपर लीगमध्ये पहिल्या क्रमांकाला ‘लीग लीडर्स शील्ड’ मिळते. विजेता मात्र १९९८ पासून ग्रँड फायनलमध्ये ठरतो, आणि २०२० चा अपवाद वगळता हा सामना मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरच झाला आहे.

सर्वप्रथम खेळ समजून घ्यावा. पंधरा खेळाडूंचे रग्बी युनियन वेगळे. गिरण्या-खाणींतल्या कामगार खेळाडूंची बुडालेली मजुरी भरून द्यावी की नाही या वादातून उत्तरेकडील क्लबांनी १८९५ मध्ये हडर्सफील्ड येथे वेगळी चूल मांडली, आणि त्यातूनच आजचे तेरा जणांचे रग्बी लीग घडले. विगन, सेंट हेलेन्स, वेकफील्ड अशी गावे आजही या खेळाच्या केंद्रस्थानी का आहेत, हे त्यावरून कळते. चेंडू हाती असलेल्या संघाला सहा टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला प्रतिपक्षाने पकडून रोखणे) मिळतात आणि सहाव्या टॅकलनंतर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो, म्हणून पाचव्या टॅकलनंतर बहुधा किक मारली जाते. नवख्याने चेंडूमागे धावणाऱ्या नजरेला थोडे आवरून केवळ टॅकल मोजावेत: पाचवा टॅकल मैदानाच्या कोणत्या भागात झाला, यावरून सामन्याचा कल बऱ्यापैकी ओळखता येतो. ट्रायचे (प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणे) ४, त्यानंतरच्या कन्व्हर्जनचे (गोलखांबांमधून मारलेली किक) २, पेनल्टीच्या किकचे २ आणि ड्रॉप गोलचा (खेळ चालू असताना चेंडूला टप्पा देऊन मारलेली किक) १ गुण एवढे पाठ असले की पुरे.

आता गुणतक्ता. विजयाला २ आणि बरोबरीला १ गुण मिळतो. ८० मिनिटांनंतर गुण समान असतील तर जादा वेळेत पहिला गुण मिळवणारा जिंकतो. २०२५ मध्ये १२ संघांनी प्रत्येकी २७ सामने खेळले: २२ घरचे व बाहेरचे, एक मॅजिक वीकएंडचा (सर्व संघ एकाच मैदानावर खेळतात तो शनिवार-रविवार), आणि ४ जादा. या जादा सामन्यांमुळे सर्वांच्या वाट्याला सारखे प्रतिस्पर्धी येत नाहीत, हा माझ्या मते या रचनेतला खरा दोष आहे. तक्ता वाचताना तो ध्यानात ठेवावा. २०२६ पासून संघ १४ झाले आहेत.

तक्त्यात दुसऱ्या आणि सहाव्या क्रमांकाखालच्या दोन रेषांवर लक्ष ठेवावे. पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत जातात. तिसरा सहाव्याशी आणि चौथा पाचव्याशी खेळतो, आणि जिंकलेल्यांपैकी खालच्या क्रमांकाचा संघ पहिल्याच्या मैदानावर जातो. २०२५ मध्ये पाचव्या सेंट हेलेन्सने लीड्सला त्यांच्याच मैदानावर अखेरच्या क्षणी ट्राय करून १६-१४ असे हरवले. तिसऱ्या क्रमांकाच्या ली या संघानेही आपला सामना जिंकला होता, त्यामुळे सेंट हेलेन्सला अव्वल हल केआरकडे (हल किंग्स्टन रोव्हर्स) जावे लागले आणि तेथे ते २०-१२ असे हरले. पुढे हल केआरने अंतिम सामन्यात विगनला २४-६ असे नमवले.

चॅलेंज कपचा हिशोब मात्र वेगळा ठेवावा, कारण ती स्वतंत्र बाद-पद्धतीची स्पर्धा असून तिचे निकाल गुणतक्त्यात धरले जात नाहीत. तिचा वेम्बलीवरील अंतिम सामना २०२५ मध्ये हल केआरने वॉरिंग्टनविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांतील ट्राय आणि कन्व्हर्जनच्या बळावर ८-६ असा जिंकला.

भारतातून पाहायचे असल्यास सुपर लीग प्लस या ऑनलाइन प्रक्षेपण सेवेची चौकशी करावी आणि घड्याळाकडे लक्ष द्यावे. ब्रिटनमध्ये रात्री ८ वाजता सुरू होणारा सामना मार्चच्या अखेरच्या रविवारपर्यंत आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीड वाजता आणि त्यानंतर साडेबारा वाजता लागतो. ग्रँड फायनल तेथे शनिवारी संध्याकाळी सहाला असेल, तर आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात.