मोडल क्रियापदं शिकवताना: यादी नको, अर्थ धरा

इंग्रजीतली मोडल क्रियापदं, म्हणजे मुख्य क्रियापदाला परवानगी, सक्ती, शक्यता असा अर्थ देणारी सहायक क्रियापदं: कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शुड. त्यांची यादी फळ्यावर लिहून समोर मराठी अर्थ देऊ नका. 'मस्ट म्हणजे पाहिजे' हे मुलं पाठ करतात आणि नकारार्थी वाक्य आलं की फसतात. एका तासाला एकच अर्थ घ्या.

सुरुवात परवानगीपासून करा. 'मे आय कम इन' मुलांच्या तोंडात बसलेलंच असतं. त्यावरच रचना दाखवा: पुढचं क्रियापद मूळ रूपात, मध्ये 'टू' नाही, कर्ता 'ही' (तो) असला तरी 'एस' लागत नाही. 'ही कॅन टू स्विम' इथेच रोखता येतं.

सक्तीला मात्र दोन तास द्या. फळ्यावर दोन वाक्यं लिहा: 'परीक्षेला मोबाइल आणता कामा नये' आणि 'परीक्षेला कागद आणायची गरज नाही'. पहिल्याला 'यू मस्ट नॉट ब्रिंग', दुसऱ्याला 'यू डोन्ट हॅव टू ब्रिंग'. मराठीत हा फरक कुणी चुकत नाही. इंग्रजीत मात्र मुलं चुकून दोन्हीकडे 'मस्ट नॉट' लिहितात. होकारात 'मस्ट' आणि 'हॅव टू' जवळपास सारखेच, म्हणून नकारातही सारखेच असणार, असं मुलं धरून चालतात. उपाय: ग्रंथालय, एसटी, दवाखाना इथल्या दहा सूचना मराठीत वाचा. मुलांनी आधी 'बंदी' की 'गरज नाही' एवढंच सांगायचं, इंग्रजी त्यानंतर. उलट क्रमाने गेलात तर उत्तरं अंदाजपंचे येतात.

भूतकाळ लगेच जोडा. 'काल थांबावं लागलं' म्हणजे 'आय हॅड टू वेट'. 'ही मस्ट हॅव वेटेड' म्हटलं की सक्ती गेली, 'तो थांबला असणार' हा तर्क उरला.

तर्कासाठी पुरावा दाखवा, टक्केवारी नको. दिवा लागलाय, चपला दाराशी आहेत: 'शी मस्ट बी ॲट होम'. दिवा आहे, चपला नाहीत: 'शी माइट बी ॲट होम'. बाहेरून कुलूप: 'शी कान्ट बी ॲट होम', इथे 'मस्ट नॉट' शिकवू नका. मराठी 'असेल' पहिल्या दोन्हींना चालतं, त्यामुळे प्रत्येक वेळी 'कशावरून?' विचारा.

'शकलो' शेवटी घ्या. 'धावलो म्हणून बस पकडू शकलो' इथे 'कुड कॅच' चुकतं. एकदाच जमलेल्या गोष्टीला 'वॉज एबल टू' किंवा 'मॅनेज्ड टू' हवं. नकारात 'कुडन्ट कॅच' बिनधास्त चालतं.