सुईचा अभ्यास वाचायचा तर आधी दुसरा गट शोधा

माझ्या मोठ्या जाऊबाई गेल्या महिन्यात एक पत्रक घेऊन आल्या. गुडघेदुखीवर अ‍ॅक्युपंक्चर (अंगावरच्या ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याचा चिनी उपचार), 'शास्त्रीय संशोधनाने सिद्ध', बहुतेक रुग्णांना आराम. बहुतेक म्हणजे किती, ते छापलेलं नव्हतं. "एवढी वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलंस ना, मग सांग, जाऊ की नको?" असं म्हणून त्यांनी ते पत्रक माझ्या पोळपाटाशेजारी ठेवलं.

त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. आधी हेही सांगून टाकते की पाठीसाठी मी स्वतः दहा सिटिंग घेतल्या होत्या आणि मला बरं वाटलं होतं. शिवाय आम्ही सोलापूरकर. कोटणीस डॉक्टरांमुळे चीनबद्दल मनात एक मऊ कोपरा आहेच, आणि १९३८ मध्ये त्यांच्याबरोबर वैद्यकीय पथकात गेलेल्या डॉ. बिजोयकुमार बसूंनीच पुढे ही विद्या भारतात आणली. म्हणजे माझा कल सुईच्या विरुद्ध मुळीच नाही.

पबमेड या संकेतस्थळावर बहुतेक अभ्यासांचा सारांश फुकट वाचता येतो. इंग्रजी जड गेलं तर घरातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला शेजारी बसवा. त्यात 'रँडमाइज्ड' हा शब्द आहे का बघा, म्हणजे कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं का. नसेल तर तो अभ्यास बाजूला ठेवा. आपण दवाखान्याची पायरी चढतो ती दुखणं शिगेला पोचल्यावर. तिथून ते थोडं उतरतंच, सुई टोचा नाहीतर शेक घ्या. नुसतं 'आधी इतकं, नंतर इतकं' यावरून काहीच ठरत नाही.

मग बोट ठेवायचं ते एकाच जागी: दुसऱ्या गटाला काय दिलं?

जाऊबाईंना मी गुडघ्याचाच अभ्यास दाखवला. जर्मनीतला, २००६ साली प्रसिद्ध झालेला, हजाराहून जास्त रुग्णांचा. तीन गट होते. पहिल्याला शास्त्रोक्त चिनी अ‍ॅक्युपंक्चर. दुसऱ्याला लुटुपुटूचं: भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या सुया. (सारांशात याला 'शॅम' म्हणतात, तो शब्द हुडकायचा.) तिसऱ्याला डॉक्टरांच्या भेटी आणि वेदनाशामक गोळ्या. सहा महिन्यांनी ठरल्याइतकी सुधारणा झालेले लोक पहिल्या गटात ५३ टक्के, तिसऱ्यात २९. जाऊबाईंचा चेहरा खुलला. मग मधला आकडा वाचला: ५१.

पत्रकवाले ५३ आणि २९ दाखवतात. तुम्ही ५३ आणि ५१ बघायचे. सुया टोचून घेणाऱ्यांना बरं वाटलं हे खरंच आहे, पण नेमक्या बिंदूंचं आणि खोलीचं शास्त्र म्हणून जे सांगतात, त्याच्या वाट्याला दोनच टक्के येतात, आणि एवढा फरक योगायोगानेही पडतो. तिसऱ्या गटाचं आणखी एक. आपल्याला सुई मिळालेली नाही हे त्यांना माहीत होतं. हिरमुसलेला माणूस 'बरं वाटतंय' असं सहजी म्हणत नाही.

लुटुपुटूची सुई ओळखू येत नाही का, हे जाऊबाईंनी लगेच विचारलं. माझ्या वेळी डॉक्टरबाई पाठीवर बारीक प्लॅस्टिकची नळी टेकवायच्या, आतल्या सुईच्या डोक्यावर टिचकी मारायच्या आणि नळी काढून घ्यायच्या. जाणवायची ती टिचकीच. अमेरिकेत २००९ साली ६३८ पाठदुखीवाल्यांवर झालेल्या अभ्यासात एका गटाला अशाच नळीतून चक्क टूथपिक टेकवली होती. टूथपिकवाले आणि सुईवाले सारखेच सुधारले, आणि नेहमीचेच उपचार घेणारे दोघांच्याही मागे राहिले. मी बॉलपेनाची कांडी कापून ह्यांच्या पाठीवर करून पाहिलं. "अगं, टोचलीस की!" म्हणाले. (टूथपिकच बरं का. सुई घेऊन घरी असले उद्योग करू नका.)

पण एका अभ्यासावर निकाल लावू नका. २०१२ मध्ये २९ अभ्यासांतल्या जवळजवळ १८ हजार रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. सोप्या भाषेत त्याचा निष्कर्ष असा: सुरुवातीला वेदना शंभरात ६० असेल, तर सुईशिवाय ती ४३ वर येते, लुटुपुटूच्या सुईने ३५ वर, खऱ्या सुईने ३० वर. म्हणजे खऱ्या सुईचे म्हणून पाच गुण उरतात. आमच्या भाषेत ग्रेस मार्क. तेही सुईचेच का, याची मला शंका आहे. आपण खरी टोचतोय की खोटी हे टोचणाऱ्याला माहीत असतं, आणि ते त्याच्या बोलण्या-वागण्यातून झिरपतं.

काय मोजलं तेही बघा. २०११ चा दम्याचा अभ्यास छोटा आहे, ३९ जणांचा, पण माझा लाडका. औषधाच्या पंपाने फुंकण्याची क्षमता २० टक्क्यांनी वाढली. खोटा पंप, खोटी सुई आणि काहीच नाही, या तिघांत साधारण ७. रुग्णांना विचारलं तर खरा पंप, खोटा पंप आणि खोटी सुई, तिघांनीही जवळपास सारखाच आराम सांगितला. दुखणं आपल्या सांगण्यावरच मोजतात, तिथे हे चालून जातं. दम्यात असं फसणं जिवावर बेतेल.

अभ्यास कुठला आहे हे शेवटी बघा. १९९८ मधल्या एका पाहणीत चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या सगळ्याच चाचण्या यशस्वी निघाल्या होत्या. ज्या केंद्रावर एकही पोर नापास होत नाही, तिथल्या उत्तरपत्रिका आम्ही पुन्हा मागवायचो.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, हे पत्रकात ठळक छापलं होतं. कायद्याने व्यवसायाला शिस्त लागते. गुडघा बरा होतो का, हे कायदा सांगत नाही.

एवढं ऐकून जाऊबाई निघाल्याच. मी अडवलं नाही. सुई दर वेळी नवी, पाकीट समोर फोडलेली हवी, दहा सिटिंगचे पैसे आगाऊ द्यायचे नाहीत, चालू गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत, आणि रोज रात्री वहीत दुखण्याला दहापैकी गुण लिहायचे, एवढं कबूल करून घेतलं. चार सिटिंगनंतर सातचे पाच झालेत. त्याच आठवड्यात त्यांनी माडीवरचा बिछाना खालच्या खोलीत आणला आणि जिना सुटला. तेही मी वहीत लिहायला लावलंय.